मजकूर-संपादकाची जुळणी आणि कार्यप्रणालींचा इतिहास : 'व्हीआय' ते 'व्हिम' या परंपरेचा अभ्यास

प्रस्तावना :

संगणकावर लिहिल्या जाणाऱ्या मजकुराचा सर्वांत निराडंबर प्रकार म्हणजे 'साधा मजकूर' होय. त्यात ठळक किंवा तिरपी अक्षरे नसतात, समासांची मापे नसतात, चित्रे नसतात. अक्षरांच्या संकेतांची एकामागून एक रांग, एवढेच त्याचे स्वरूप असते. असा मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीस मजकूर-संपादक, म्हणजेच टेक्स्ट एडिटर असे म्हणतात. हा मजकूर इतका साधा असेल तर तो कोणत्याही संगणकावर सारखाच दिसावयास हवा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष अनुभव मात्र निराळा आहे. विंडोजवर लिहिलेली फाइल युनिक्सवर उघडली असता ओळींच्या शेवटी अनाकलनीय चिन्हे दिसतात. एका यंत्रावर मागचे अक्षर खोडणारी कळ दुसऱ्या यंत्रावर निराळेच चिन्ह उमटविते. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह समोर येतो.

अशा अडचणी आल्या की संपादकाची जुळणी, म्हणजे व्यवहारात ज्याला 'कॉन्फिगरेशन' म्हणतात ती, बदलून उपाय केला जातो. या अडचणींकडे सामान्यतः तांत्रिक कटकट म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले आहे. संपादकातील प्रत्येक पर्यायामागे कोणत्या तरी यंत्राची मर्यादा, कोणत्या तरी काळचा निर्णय किंवा परवान्याचे बंधन उभे असते. 'व्हीआय' आणि त्यातून निर्माण झालेला 'व्हिम' या संपादकांची परंपरा दीर्घ आहे आणि ती अनेक कार्यप्रणालींवर पसरलेली आहे. म्हणून या विवेचनासाठी तिची निवड केली आहे. कोणत्या अडचणी जुळणीने सुटतात, कोणत्या सुटत नाहीत आणि त्याचे कारण काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. जुन्या मराठी संगणकीय मजकुराच्या संदर्भात त्याचे उत्तर विशेष महत्त्वाचे ठरते.

दूरमुद्रकाचा वारसा :

संगणकाला पडदा मिळण्यापूर्वी माणूस आणि यंत्र यांच्यातील संवाद दूरमुद्रकावर, म्हणजे टेलिटाइपवर, होत असे. १९६३ मध्ये आलेला 'टेलिटाइप मॉडेल ३३' सेकंदाला दहा अक्षरे छापीत असे. ओळ संपल्यावर छपाईचा भाग डाव्या कडेला नेणे आणि कागद एक ओळ वर सरकविणे या त्याच्या दोन स्वतंत्र हालचाली होत्या. त्यांच्यासाठी संकेतही दोन होते : 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड'. छपाईचा भाग परत येण्यास एका अक्षराहून अधिक वेळ लागत असे. दोन संकेत पाठविण्यात जाणारा वेळ त्या हालचालीला उपयोगी पडे.

दूरमुद्रक मागे पडला, पण त्याचे संकेत राहिले. मल्टिक्स या कार्यप्रणालीने ओळ संपल्याची खूण म्हणून केवळ लाइन फीड स्वीकारले आणि युनिक्सने तोच मार्ग धरला. सीपी/एम या प्रणालीने दोन्ही संकेतांची जोडी ठेवली. १९८१ च्या एमएस-डॉसने ती सीपी/एमकडून घेतली आणि डॉसकडून ती विंडोजकडे आली. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसने नवव्या आवृत्तीपर्यंत केवळ कॅरेज रिटर्न वापरले. २००१ मध्ये युनिक्सवर आधारलेली मॅक ओएस टेन ही प्रणाली आल्यावर मॅकनेही लाइन फीड स्वीकारले. अशा रीतीने 'ओळ संपली' या एकाच आशयासाठी तीन लेखनपद्धती रूढ झाल्या.

'व्हिम'मधील 'फाइलफॉरमॅट' या पर्यायाची 'युनिक्स', 'डॉस' आणि 'मॅक' ही तीन मूल्ये या इतिहासाची नोंदच आहेत. फाइल उघडताना संपादक ओळींचे शेवट तपासून प्रकार ओळखतो. सर्व ओळी जोडसंकेताने संपत असतील तर फाइल डॉस प्रकारची ठरते. मात्र एकाच ओळीतून कॅरेज रिटर्न गळाले असेल, तर युनिक्सवरील नेहमीच्या जुळणीत संपूर्ण फाइल युनिक्स प्रकारची मानली जाते आणि उरलेल्या सर्व ओळींच्या शेवटी 'कॅरट-एम' हे चिन्ह दिसू लागते. म्हणजे हे चिन्ह पुष्कळदा असे सांगते की, फाइल दोन प्रणालींवर आळीपाळीने हाताळली गेली आहे. हस्तलिखितातील दोन लेखनिकांचे हात ओळखावेत, तसाच हा पुरावा आहे. विंडोजवरील 'नोटपॅड'ला युनिक्स पद्धतीच्या ओळी ओळखता येऊ लागल्या त्या २०१८ मध्ये. तोवर अशी फाइल तेथे एका सलग ओळीसारखी दिसत असे.

आणखी एक उदाहरण प्रवाह-नियंत्रणाचे आहे. युनिक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या की पडदा गोठल्यासारखा होतो आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर पूर्ववत होतो. विंडोजमध्ये कंट्रोल-एसने फाइल जतन करण्याची सवय लागलेल्या व्यक्तीला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ते 'थांब' आणि 'चालू कर' असे संकेत आहेत. मॉडेल ३३ वरील छिद्रपट्टीचा वाचक थांबविण्यासाठी व सुरू करण्यासाठी तेच संकेत वापरले जात. यंत्र वापरातून गेले, परंतु त्याची आज्ञा अजून पाळली जाते.

'ईडी'पासून 'व्हीआय'पर्यंत :

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला, तेव्हा केन थॉम्प्सन यांनी 'ईडी' हा संपादक लिहिला. बर्कली येथे तयार झालेल्या 'क्यूईडी' या संपादकाची परंपरा त्यामागे होती. 'ईडी' दूरमुद्रकासाठी होता, म्हणून तो अत्यंत मितभाषी होता. चूक झाल्यास तो केवळ एक प्रश्नचिन्ह छापीत असे. मंद गतीने कागदावर छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक सूचना परवडणारी नव्हती, हे त्यामागील कारण होय.

१९७६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलूरिस यांनी पडदा असलेल्या टर्मिनलांसाठी 'ईएम' हा संपादक तयार केला. 'मर्त्य माणसांचा संपादक' असा त्या नावाचा विस्तार होता आणि 'ईडी'च्या दुर्बोधतेवरील मिस्कील टीका त्यात होती. त्याच वर्षी कुलूरिस बर्कली येथे गेले असता तेथील विद्यार्थी बिल जॉय यांनी तो पाहिला. जॉय आणि चक हेली यांनी त्यावरून पुढील काम केले. त्यातून 'ईएक्स' हा संपादक आकारास आला आणि १९७८ च्या पहिल्या बर्कली युनिक्स वितरणात तो समाविष्ट झाला. त्याचेच पडदाभर मजकूर दाखविणारे रूप म्हणजे 'व्हीआय'. १९७९ च्या दुसऱ्या वितरणात ते या नावाने उपलब्ध झाले.

'व्हीआय'च्या आज्ञा आजच्या वापरकर्त्याला चमत्कारिक वाटतात. कर्सर हलविण्यासाठी एच, जे, के आणि एल या अक्षरकळा का निवडल्या, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. जॉय यांच्यापुढे 'एडीएम-३ए' हे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर याच चार अक्षरकळांवर बाण छापलेले होते. आज जेथे टॅबची कळ असते, तेथे त्या कळफलकावर एस्केपची कळ होती. त्यामुळे लेखनाच्या अवस्थेतून आज्ञेच्या अवस्थेत येण्यासाठी बोटाला दूर जावे लागत नसे. आज ती कळ कोपऱ्यात गेली आहे, पण आज्ञा तीच राहिली आहे.

आज्ञांच्या संक्षिप्तपणामागे दळणवळणाची गतीही होती. जॉय घरून काम करीत तेव्हा ३०० बॉड गतीचा मोडेम वापरीत. या गतीने सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येतात. ८० स्तंभ आणि २४ ओळींच्या पडद्यावर १,९२० अक्षरे मावतात. म्हणजे संपूर्ण पडदा पुन्हा रंगविण्यास एक मिनिटाहून अधिक काळ लागणार. 'व्हीआय'ने पडद्याचा बदललेला भाग तेवढा पाठवावा आणि थोड्या कळांत मोठे काम करावे, ही केवळ आवड नव्हती, ती गरज होती.

टर्मिनलांची विविधता आणि कळांचा घोळ :

त्या काळी टर्मिनले अनेक कंपन्यांची होती आणि पडदा पुसण्याचे किंवा कर्सर हलविण्याचे संकेत प्रत्येकाचे निराळे होते. या अडचणीवर जॉय यांनी १९७८ मध्ये 'टर्मकॅप' हा उपाय काढला. प्रत्येक टर्मिनलच्या क्षमतांची नोंद एका मजकूर-फाइलीत करावयाची आणि संपादकाने ती वाचून वागावयाचे, अशी ही योजना होती. संपादकाला विशिष्ट यंत्राच्या ज्ञानातून मोकळे करणारी ही कल्पना पुढे 'टर्मइन्फो'च्या रूपाने चालू राहिली. मात्र तिच्यामुळे बिघाडाचा एक नवा प्रकारही जन्मास आला. 'टर्म' या चलात प्रत्यक्ष टर्मिनलाऐवजी दुसऱ्याच टर्मिनलाचे नाव असेल, तर पडदा विस्कटतो. संपादक आणि टर्मिनल दोन्ही निर्दोष असतात. चूक त्यांच्या परस्पर परिचयात असते.

बाणांच्या कळांची अडचण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७८ मध्ये आलेल्या 'व्हीटी १००' या टर्मिनलवर बाणाची एक कळ दाबली असता एकच संकेत जात नसे. एस्केप आणि त्यामागून आणखी दोन चिन्हे जात. वरच्या बाणासाठी एका अवस्थेत एस्केप, मोठा 'ओ' आणि 'ए' असा क्रम असे. 'व्हीआय'मध्ये एस्केपचा अर्थ 'लेखन थांबवा', 'ओ'चा अर्थ 'वर नवी ओळ उघडून लेखन सुरू करा', आणि त्यानंतरचा 'ए' हे केवळ अक्षर. परिणामी बाण दाबला की वर एक नवी ओळ येते आणि तीत 'ए' उमटतो. जुन्या 'व्हीआय'शी तंतोतंत सुसंगत राहण्याच्या अवस्थेत 'व्हिम'ही असाच वागतो. वापरकर्त्याची जुळणी-फाइल नसल्यास 'व्हिम' पूर्वी आपोआप याच अवस्थेत सुरू होत असे. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून अशा प्रसंगी अधिक सोयीची मूलभूत जुळणी वापरली जाऊ लागली.

मागचे अक्षर खोडणाऱ्या कळेचेही असेच आहे. काही टर्मिनले त्यासाठी कंट्रोल-एच हा संकेत पाठवीत, तर काही 'डिलीट' हा संकेत पाठवीत. यांपैकी कोणताही संकेत मुळात चुकीचा नव्हता. दोन्ही वारसे एकाच कळेवर येऊन भिडले, इतकेच.

परवाना, नक्कल आणि प्रसार :

'व्हीआय' अनेक कार्यप्रणालींवर पोहोचला, तो मूळ रूपात नव्हे. त्यात 'ईडी'चा मूळ भाग असल्याने एटी अँड टी कंपनीच्या युनिक्स परवान्याशिवाय त्याचे वितरण करता येत नव्हते. जुन्या युनिक्सचा परवाना कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये खुला केल्यावरच हे बंधन सुटले. तोपर्यंतच्या काळात घरगुती संगणकांच्या वापरकर्त्यांनी 'व्हीआय'सारखे दिसणारे संपादक स्वतंत्रपणे लिहिले. टिम थॉम्प्सन यांनी १९८७ मध्ये अटारी एसटी या संगणकासाठी लिहिलेला 'स्टीव्ही' हा त्यांपैकी एक होता.

नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार यांना अमिगा संगणकावर 'व्हीआय'सारखा संपादक हवा होता. 'स्टीव्ही'च्या आधारे त्यांनी १९८८ मध्ये काम सुरू केले आणि १९९१ मध्ये 'व्हिम' लोकांसाठी प्रसिद्ध झाला. प्रारंभी या नावाचा अर्थ 'व्हीआयची नक्कल' असा होता. १९९२ मध्ये तो युनिक्सवर आला आणि त्यानंतर 'सुधारित व्हीआय' असा अर्थ रूढ झाला. युनिक्सबाहेर जन्मलेला हा संपादक युनिक्सवरील मूळ 'व्हीआय'ची जागा घेऊ लागला, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. 'व्हिम' निःशुल्क होता. तो आवडल्यास युगांडातील मुलांसाठी साहाय्य करावे, असे आवाहन मोलेनार यांनी त्यासोबत केले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

अनेक प्रणालींवरील या वास्तव्याच्या खुणा 'व्हिम'च्या जुळणी-फाइलीच्या नावातही दिसतात. युनिक्सवर ती टिंबाने आरंभ होणाऱ्या 'व्हिमआरसी' या नावाने असते, तर विंडोजवर त्याच नावाआधी परंपरेने अधोरेषा येते. डॉसवर फाइलीचे नाव टिंबाने सुरू करता येत नसे, हे त्याचे कारण. फाइलींचे मार्ग लिहिताना युनिक्सवर एका बाजूला झुकलेली तिरपी रेघ, तर विंडोजवर उलट बाजूची रेघ असते. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत निर्देशिका आल्या, तेव्हा पहिली रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. विंडोजच्या पद्धतीची जुळणी चालू केल्यास कंट्रोल-व्ही ही 'व्हिम'मधील चौकोनी निवडीची आज्ञा 'चिकटवा' या अर्थाने वापरली जाते आणि मूळ आज्ञेला कंट्रोल-क्यूकडे जावे लागते.

संकेतनाचा प्रश्न आणि देवनागरी :

आतापर्यंतच्या अडचणींत अक्षरांविषयी मतभेद नव्हता. १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या सात बिटांच्या मानकात १२८ संकेत होते आणि इंग्रजीपुरते ते पुरेसे होते. आठवा बिट वापरात आल्यावर मात्र वरच्या १२८ जागा प्रत्येकाने आपापल्या परीने भरल्या. २३३ हा एकच क्रमांक पाहावा. 'लॅटिन-१' मानकात तो स्वरचिन्हांकित रोमन 'ई' आहे. मूळ आयबीएम पीसीवर तो ग्रीक 'थीटा' आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या 'इस्की' मानकात तो नुक्ता आहे. फाइलीत केवळ क्रमांक असतो. तो कोणत्या कोष्टकाने वाचावयाचा, हे फाइलीत लिहिलेले नसते.

या गोंधळावरील उपाय युनिकोडच्या रूपाने आला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभाग 'इस्की'च्या आधीच्या, म्हणजे १९८८ च्या, रूपावर आधारलेला होता. युनिकोड साठविण्याची 'युटीएफ-८' ही पद्धत सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचली. 'ईडी'चे कर्ते तेच हे थॉम्प्सन. या पद्धतीत आस्कीचा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. 'क्षितिज' या शब्दात सात चिन्हे आणि २१ बाइट असतात. एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे पडद्यावरील एक चौकट, हे 'एडीएम-३ए'च्या काळातील गृहीतक देवनागरीत टिकत नाही. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे विस्कळीत दिसतात, त्याचे मूळ या गृहीतकात आहे.

२००१ मधील सहाव्या आवृत्तीत 'व्हिम'मध्ये युटीएफ-८ चा व्यापक स्वीकार झाला. 'फाइलएन्कोडिंग्ज' या पर्यायातील संकेतने संपादक क्रमाने लावून पाहतो. युटीएफ-८ ची रचना काटेकोर असल्याने भलत्या फाइलीला ते सहसा लागू पडत नाही. यादीच्या शेवटी 'लॅटिन-१' असते. त्यात प्रत्येक बाइटला काही तरी अर्थ असल्यामुळे ते कधीच अयशस्वी होत नाही. म्हणून चुकीचे वाचन झाले, तरी चूक झाल्याची सूचना मिळत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथेच सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० मध्ये आली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फाँटांवर अवलंबून राहून टंकित होत असे. अशा फाँटात रोमन अक्षरांच्या व इतर चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले असत : अर्धी अक्षरे, काना, वेलांटी, रफार. फाइलीत रोमन अक्षरांचेच संकेत जात आणि फाँट त्यांना मराठीचे रूप देई. निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत हे तुकडे निरनिराळ्या जागी असत.

अशी फाइल संपादकात उघडली असता रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. संपादकाच्या दृष्टीने तेथे काहीही बिघडलेले नसते, कारण फाइलीत खरोखरच तेच संकेत असतात. संकेतनाचा कोणताही पर्याय बदलून तिथे मराठी दिसू शकत नाही. त्या फाँटाचे कोष्टक ठाऊक असेल तर रूपांतर शक्य आहे, पण तेही केवळ संकेतास संकेत ठेवून होत नाही. टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने टंकित केलेल्या 'कि'मध्ये वेलांटी आधी आणि 'क' नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम उलट असतो. रफार तेथे अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षरापूर्वी. दृश्य क्रमाचे उच्चार-क्रमात रूपांतर करावे लागते. फाइलीवरून फाँटाचे नाव नाहीसे झाले असेल, तर हे काम लिपी उलगडण्याइतके कठीण होऊ शकते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून अडचणींचे दोन वर्ग स्पष्ट होतात. ओळींचे शेवट, कळांचे संकेत, फाइलींची नावे आणि मानक संकेतने यांतील भेद जुळणीने मिटतात. याचे कारण असे की, त्या भेदांची संख्या मर्यादित आहे, त्यांची मानके प्रसिद्ध आहेत आणि पुष्कळदा पुरावा फाइलीतच असतो. फाँटाधिष्ठित मजकुराचा अर्थ मात्र फाइलीबाहेर, दुसऱ्या एका वस्तूत ठेवलेला असतो. ती वस्तू हरवली की संपादकाची कोणतीही जुळणी उपयोगी पडत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा आस्की मजकूर आज सहज वाचता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर वाचता येत नाही, ही विसंगती यामुळेच निर्माण झाली.

यातून व्यवहारासाठी काही सूचना निघतात. महाविद्यालये, नियतकालिके आणि ग्रंथालये यांच्याकडे जुन्या फाँटांतील प्रबंध, प्रश्नपत्रिका व लेख असतील, तर त्या फाइलींबरोबर फाँटाचे नाव आणि शक्य तर फाँटही जतन करावा. रूपांतर करताना मूळ फाइल तशीच राखावी. रूपांतरित मजकूर युटीएफ-८ मध्ये साठवावा आणि मुद्रित प्रत उपलब्ध असल्यास तिच्याशी ताडून पाहावा. या कामाला फार मोठी साधने लागत नाहीत. ज्या व्यक्तींनी तो मजकूर टंकित केला, त्यांना फाँटाचे नाव आठवते आहे तोवर ते करणे इष्ट होय.

संपादकाची जुळणी-फाइल ही वरवर पाहता काही ओळींची खासगी टिपणी असते. दूरमुद्रकाचा वेग, एका टर्मिनलवरील बाण, एका कंपनीचा परवाना आणि एका लिपीची उपेक्षा एवढा ऐवज तिच्यात साठलेला आहे. बिघाड शोधणारी व्यक्ती नकळत तोच इतिहास वाचीत असते.